५३ किल्ल्या, अट एकही नाही

दिल्लीला गेलेला मराठी माणूस कनॉट प्लेस पाहून झालं की एम्पोरियमच्या रांगेत शिरतोच. काश्मीरच्या शाली, राजस्थानी चादरी, मध्येच महाराष्ट्राचं 'त्रिमूर्ती'. तिथे पैठणीची किंमत बघितली की पुन्हा शालींकडे वळायचं. याच रस्त्यावर हनुमान मंदिर, टोकाला बंगला साहिब गुरुद्वारा. रस्त्याचं नाव बाबा खडकसिंग मार्ग. हे बाबा कोण, असं विचारणारा गिऱ्हाईक मात्र विरळा.

मराठी कानाला खडक म्हणजे दगड. हे नाव आलंय खड्गावरून. पण या माणसाला मराठी अर्थच जास्त शोभतो असं मला वाटतं. त्यांनी वार कुणावर केला नाही, आणि जिथे उभे राहिले तिथून हललेही नाहीत.

स्वातंत्र्यलढ्यातले शीख म्हटलं की आपल्याला भगतसिंग आणि उधमसिंग आठवतात. थोडं जास्त वाचलेल्यांना कर्तारसिंग सराभा माहीत असतात, कारण लाहोरच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ ला त्यांच्याबरोबर आपल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळेही फासावर गेले. १९२० ते १९२५ या पाच वर्षांत पंजाबात जे घडलं त्याबद्दल मात्र मराठीत फारसं कुणी बोलत नाही. त्यात पिस्तूल नाही, भुयार नाही, भूमिगत कुणी नाही. कमिट्या आहेत, ठराव आहेत, देवस्थानाच्या मालकीचे वाद आहेत. वरवर पाहिलं तर तालुका कोर्टातला मामला. त्याच मामल्यात ब्रिटिश सरकारला एक किल्ल्यांचा जुडगा भर सभेत परत करावा लागला, आणि तो घेणारे हात खडकसिंगांचे होते.

घराणं पाहिलं तर हा माणूस सरकारच्या बाजूला असायला हवा होता. जन्म सियालकोटचा, १८६७ चा. वडील मोठे ठेकेदार आणि रायबहादूर. पंजाब विद्यापीठातून १८८९ मध्ये बी. ए. झाले, तेव्हा असे पदवीधर बोटांवर मोजण्याइतके असत. कायदा शिकायला अलाहाबादला गेले, पण वडील आणि थोरले भाऊ वारल्यावर शिक्षण सोडून घरची मालमत्ता सांभाळायला परतले. पुढची वीसेक वर्षं त्यात गेली. शीख शैक्षणिक परिषद ही त्या काळी प्रतिष्ठितांची, सरकारशी जुळवून घेणारी संस्था. तिचं १९१५ चं अधिवेशन तरनतारनला भरलं आणि अध्यक्ष म्हणून यांना बोलावलं. अध्यक्षाला सहा घोड्यांच्या गाडीतून मंडपात आणायची रीत होती. हे गाडीत बसले नाहीत. महायुद्धात इंग्रजांचा विजय होवो असा ठराव यायचा होता. यांनी तो मांडूच दिला नाही. पंजाबातून तेव्हा पलटणीमागून पलटणी फ्रान्स आणि मेसोपोटेमियाला चालल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर या दोन नकारांचं वजन कळतं. तेव्हा त्यांचं वय ४७-४८ होतं. नेतेगिरी सुरू करायला हे वय उशिराचंच.

आता किल्ल्यांकडे यायचं तर आधी अमृतसरच्या दरबार साहिबचा, म्हणजे सुवर्णमंदिराचा, कारभार समजून घ्यायला हवा. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला, तेव्हापासून सुवर्णमंदिराचा कारभार या ना त्या वाटेनं सरकारच्या हातात होता. वर 'सरबराह' म्हणजे व्यवस्थापक, त्याची नेमणूक सरकारी, त्यानं जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरकडे बघून चालायचं. पुजारी त्याच्या हाताखाली. ही व्यवस्था किती मुरली होती हे १९१९ मध्ये उघडं पडलं. जालियनवाला बागेत गोळ्या चालवणाऱ्या डायरला याच दरबार साहिबमध्ये सरोपा, म्हणजे मानाचं वस्त्र, देऊन गौरवण्यात आलं, तेही तेव्हाचे सरबराह अरूरसिंग यांच्या हातून. बाग तिथून चालत पाच-सात मिनिटांवर.

दुसरीकडे गावोगावच्या गुरुद्वारांत महंत बसले होते. जमिनींची नोंद त्यांच्या नावावर झालेली, कालवे आल्यावर त्या जमिनींचं उत्पन्न वाढलेलं, आणि गादी बापाकडून मुलाकडे किंवा गुरूकडून चेल्याकडे. देवस्थान इनामांच्या भानगडी ज्यांना ठाऊक आहेत त्या मराठी वाचकाला हे निराळं समजावून सांगायची गरज नाही.

ठिणगी पडली ती प्रसादावरून. १२ ऑक्टोबर १९२० ला खालसा बिरादरी या संस्थेची मंडळी, म्हणजे तथाकथित खालच्या जातींतले शीख, कडाह प्रसाद घेऊन दरबार साहिबमध्ये आली. कडाह प्रसाद म्हणजे कणीक, तूप आणि साखर समान वजनानं घेऊन केलेला शिरा. सगळ्यांसाठी एकाच कढईतला, सगळ्यांच्या ओंजळीत सारखाच. पुजाऱ्यांनी तो स्वीकारायला नकार दिला. वादावादी झाली. शेवटी ग्रंथसाहिब उघडून जे पान येईल त्याचा कौल मानायचं ठरलं. गुरू गुणहीनालाही क्षमा करून आपलं म्हणतो, अशा अर्थाचं पद निघालं. पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला, अरदास म्हणजे प्रार्थना करावी लागली. तिथून मंडळी समोरच्या अकाल तख्तावर, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावर, गेली, तर तिथले पुजारी तख्त उघडं टाकून निघून गेले होते. मोकळ्या तख्ताची सेवा २५ स्वयंसेवकांनी हातात घेतली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच्या दहा वर्षं पुढचा.

डेप्युटी कमिशनरनं घाईघाईनं नऊ जणांची हंगामी समिती नेमली आणि सुंदरसिंग रामगढिया यांना प्रमुख केलं. महिन्याभरात शिखांनी स्वतःची १७५ जणांची शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी केली. त्याच्या दोनच दिवस आधी सरकारनं घाईनं नेमलेल्या ३६ जणांनाही त्यात सामावून घेतलं. म्हणजे रामगढिया आता दोन्हीकडचे झाले: सरकारच्या कागदावर सरकारचे व्यवस्थापक, कमिटीच्या कागदावर कमिटीचे. किल्ल्या त्यांच्याच घरी. भांडणाची खरी गाठ इथे आहे.

त्याच सुमारास लाहोरला सेंट्रल शीख लीग या शिखांच्या राजकीय संघटनेचं अधिवेशन झालं, अध्यक्ष खडकसिंग. गांधीजी आणि अली बंधू हजर होते आणि लीगनं असहकाराचा ठराव केला. मग २० फेब्रुवारी १९२१ ला गुरू नानकांच्या जन्मस्थानी, नानकाना साहिबमध्ये, महंत नारायणदासाच्या माणसांनी दर्शनाला आलेल्या जथ्यावर, म्हणजे शिखांच्या तुकडीवर, हल्ला केला. शंभरावर माणसं मारली, काही जाळली. दुसऱ्या दिवशी कमिशनरनं गुरुद्वाराच्या किल्ल्या शिखांच्या समितीच्या हाती दिल्या. किल्ली कुणाच्या हातात यावरून मालकी ठरते हा धडा सरकारनंच त्या दिवशी घालून दिला. पुढे तो त्यालाच महागात पडला.

खडकसिंग कमिटीचे अध्यक्ष झाल्यावर, २९ ऑक्टोबर १९२१ ला कार्यकारिणीनं ठराव केला की रामगढियांनी तोशाखान्याच्या किल्ल्या अध्यक्षांकडे द्याव्यात. तोशाखाना म्हणजे खजिन्याची खोली, दर्शनी ड्योढीच्या वरच्या मजल्यावर. रणजितसिंगांच्या काळापासूनचे सोन्याचे दरवाजे, रत्नजडित चांदवे, मोत्यांचे हार तिथे असतात. एरवी हे सगळं कुलपात. गुरुपुरबाच्या, म्हणजे गुरूंच्या स्मरणाच्या सणादिवशी ते बाहेर काढून दरबारात मांडतात, त्याला 'जलौ' म्हणतात. म्हणून या किल्ल्यांचा प्रश्न निव्वळ कागदी नव्हता. सणाच्या दिवशी खोली उघडते की नाही, ते लाखभर डोळ्यांना दिसणार होतं.

ठरावाचा वास लागताच ७ नोव्हेंबरला डेप्युटी कमिशनरनं एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर लाला अमरनाथ यांना पोलिसांसह रामगढियांच्या घरी पाठवलं आणि किल्ल्या उचलल्या. मोजून ५३.

सरकारचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. म्हणे व्यवस्थापक आमचा, म्हणून किल्ल्या आमच्या. कमिटी साऱ्या शिखांची प्रतिनिधी आहे की नाही ते दिवाणी कोर्ट ठरवील, तोवर आम्ही सांभाळतो. कायद्याच्या भाषेत यात चूक काढता येत नाही. व्यवहारात मात्र हा शुद्ध वेडेपणा. मंदिराचा रोजचा कारभार, लंगर, ग्रंथी, रागी, सगळं आधीच कमिटीच्या हातात आलेलं. सरकारकडे किल्ल्या होत्या, पण कुलपं कमिटीच्या ताब्यात. नवा व्यवस्थापक म्हणून कॅप्टन बहादूरसिंग यांना नेमलं, तर त्यांना मंदिरात कुणी कशाला हात लावू देईना. किल्ल्या घेऊन करायचं काय, याचं उत्तर सरकारपाशी नव्हतं.

वेळही वाईट निवडली. १७ नोव्हेंबरला युवराज प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईच्या बंदरावर उतरले आणि मुंबईत दंगल उसळली. देशभर बहिष्काराचं वातावरण. कमिटीनंही जाहीर केलं की युवराज अमृतसरला आले तर त्यांच्या नावानं प्रसाद घेतला जाणार नाही.

आपली बाजू लोकांना समजावून सांगायला सरकारनं गावोगाव सभा घ्यायचं ठरवलं. २६ नोव्हेंबरला अमृतसर जिल्ह्यात अजनाळ्याला अशी सभा होती. अकाली, म्हणजे गुरुद्वारांच्या या चळवळीतले शीख, तिथे गेले आणि म्हणाले, आम्हालाही बोलू द्या. परवानगी नाकारली, म्हणून त्यांनी पलीकडे आपला दिवाण, म्हणजे धर्मसभा, भरवला. जिल्ह्यात राजद्रोही सभांचा कायदा लागू होता, त्याखाली त्यांना पकडलं. एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच विषयावर दोन सभा. एक सरकारी आणि दुसरी राजद्रोही. ही बातमी अमृतसरला कमिटीच्या बैठकीत पोचली तेव्हा खडकसिंगांनी बैठक तहकूब केली आणि सगळे उठून अजनाळ्याला गेले. तिथे पुन्हा दिवाण लावला आणि तेही पकडले गेले. सहा महिन्यांची शिक्षा झाली.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सगळं नेतृत्व एकाच दिवशी आत जाणं ही कुठल्याही चळवळीची मोठी चूक ठरते. सराभा आणि पिंगळे ज्यात होते त्या गदरवाल्यांचा घात त्यातच झाला होता. लाहोरच्या एका घरावर धाड पडली आणि उठाव कोलमडला. इथे तसं झालं नाही, कारण कामाची मांडणी निराळी होती. गुप्त काही नव्हतंच. गावोगाव जथे होते, प्रत्येकाचा जथेदार होता, आणि काय करायचं ते साधं होतं: दिवाण भरवायचा, किल्ल्यांची गोष्ट सांगायची, अटक व्हायची. एक गेला की दुसरा तेच करी. कोर्टात कुणी वकील दिला नाही, बचाव केला नाही, जामीन मागितला नाही. त्यामुळे खटले झटपट संपत आणि तुरुंग झटपट भरत. हेरगिरी करून फोडण्यासारखं काही हाताला लागेना, म्हणून पोलिसांची पंचाईत.

शब्दांची गंमत अशी की मराठीत मोर्चा निघतो, पंजाबीत मोर्चा लागतो. आपला मोर्चा संध्याकाळी निवेदन देऊन घरी येतो. त्यांचा मोर्चा म्हणजे लढाईतला मोर्चा, धरून बसायची जागा. तिथून हलायचं ते काम झाल्यावरच. आपल्याकडे त्याच वर्षी सेनापती बापटांची मुळशी चालू होती, ती या अर्थानं मोर्चाच्या जवळ जाते.

सरकारला लवकरच चिंता वाटू लागली ती सैन्याची. महायुद्धाहून परतलेले पेन्शनर शीख गावोगाव होते, घरटी एखादा तरी पलटणीत, आणि आता त्यांच्याच गुरुद्वाराच्या किल्ल्या सरकारनं उचलल्या होत्या. ही गोष्ट बराकीत पोचायला वर्तमानपत्र लागत नाही, सुटीवर आलेला भाऊ पुरतो. जानेवारी १९२२ लागता लागता सरकार किल्ल्या परत द्यायला तयार झालं.

आणि इथे खडकसिंगांचा खडक लागला. तुरुंगातून आणि कमिटीकडून उत्तर एकच आलं: या प्रकरणात पकडलेले सगळे आधी सोडा, कुणाकडूनही काही लिहून घेऊ नका, मग किल्ल्यांचं बघू. ज्या गोष्टीसाठी सगळं रान उठवलं, ती समोरून चालून आली असताना ती नाकारायला पोटात वेगळंच बळ लागतं. आपल्यातला कुणी व्यवहारी माणूस म्हणाला असता, घ्या आधी पदरात, कैद्यांचं नंतर बघू. त्यांनी तसं केलं नाही. किल्ल्या आधी घेतल्या असत्या तर लोकांच्या दृष्टीनं प्रश्न संपला असता आणि आत राहिलेल्यांची आठवण कुणाला राहिली नसती.

११ जानेवारीला पंजाब सरकारचे सर जॉन मेनार्ड यांनी कायदे कौन्सिलात सुटकेची घोषणा केली. एकूण १९३ जण पकडले होते. अजनाळ्यात पकडलेले पंडित दीनानाथ हे हिंदू. त्यांचं प्रकरण यात धरायला सरकार तयार नव्हतं. कमिटीनं त्यांच्याही सुटकेची मागणी लावून धरली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अकाल तख्तापुढे दिवाण भरला. सरकारी अधिकारी भर सभेत किल्ल्या घेऊन आला. खडकसिंगांनी आधी संगतीला, म्हणजे जमलेल्या शिखांना, विचारलं, घेऊ का? संगतीनं होकार दिल्यावरच हात पुढे केला. गांधीजींची तार आली, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची पहिली लढाई जिंकली, अभिनंदन, अशा आशयाची.

तीन आठवडेही झाले नाहीत तोच चौरीचौरा घडलं आणि असहकार मागे घेतला गेला. देशभर अवसान गळालं. पंजाबात अकाली मात्र थांबले नाहीत. असहकाराच्या इतिहासात या दहाएक आठवड्यांना पाव पान मिळतं, ही माझी जुनी तक्रार आहे. त्या चळवळीत सरकारनं चारचौघांत पूर्ण माघार घेतल्याची दुसरी उदाहरणं शोधायला बसा, मग कळेल.

सरकारनं मार खाल्ला होता, आणि तो ते विसरणार नव्हतं. नवं निमित्त सापडलं कृपाणीचं. शस्त्रबंदीच्या कायद्यातून कृपाण वगळलेली होती, पण तिची लांबी किती असावी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. वीतभर असली तर धर्मचिन्ह, हातभर असली तर तलवार, आणि मधलं काय ते फौजदाराच्या मनावर. अकाली हातभर लांब कृपाणी उघड्यावर मिरवू लागले होते, डोक्यावर काळ्या पगड्या. ४ एप्रिल १९२२ ला खडकसिंगांना पुन्हा पकडलं. कृपाणी बनवण्याच्या कारखान्याबद्दल एक वर्ष, भाषणांतल्या राजद्रोहाबद्दल तीन वर्षं. रवानगी डेरा गाझी खानला.

नकाशा उघडून बघा. सिंधूच्या पलीकडच्या तीराला, सुलेमान डोंगररांगेच्या पायथ्याशी, बलुचिस्तानच्या उंबऱ्यावर. जुनं गाव सिंधूनं गिळलं होतं. आताचं गाव विसाव्या शतकाच्या आरंभी नव्यानं आखलेलं. उन्हाळ्यात अंगाची काहिली करणारा पट्टा आणि हिवाळ्यात डोंगरावरून येणारा बोचरा वारा. अमृतसरपासून इतकं लांब की भेटीला कुणी सहज येऊ नये.

तिथे वाद झाला पगडीवरून. या शब्दानं मराठी वाचकाची थोडी फसगत होते. आपली पुणेरी पगडी बांधून तयार मिळते, खुंटीवर काढून ठेवता येते. शिखांची दस्तार आपल्या फेट्याच्या जातीची, पण रोज नव्यानं बांधायची. आधी केस विंचरून माथ्यावर जुडा घालायचा, त्यात कंगा खोचायचा. मग पाच-सहा मीटर कापड दोघांनी दोन टोकांना धरून ताणायचं आणि लांबीत घड्या घालत आणायचं. याला 'पूणी करणं' म्हणतात. मग एक टोक दातात धरून वेढे, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा किंचित वर. शेवटी दातातलं टोक खोचून टाकायचं. दुसरा माणूस नसला तर कापडाचं टोक दाराच्या कडीला बांधून काम भागवतात. ही रोजची सकाळ. उघड्या केसांनी चारचौघांत यावं लागणं म्हणजे अब्रू जाणं.

राजकीय कैद्यांच्या पगड्या जबरीनं उतरवल्या गेल्या. त्यांच्याबरोबर जे शीख नव्हते, त्यांच्या गांधी टोप्याही काढल्या. खडकसिंग म्हणाले, डोक्यावरचं तुम्ही ठरवणार असाल तर अंगावरचंही ठेवा तुमच्याकडेच. सगळ्यांनी कपडे टाकले. शिखांनी फक्त कच्छेरा ठेवला, कारण तो पाच ककारांतला, म्हणजे शिखानं सदैव अंगावर बाळगायच्या पाच खुणांतला, बाकीच्यांनी धोतर. बाबांचं वय तेव्हा ५५ च्या पुढे.

अशा निषेधांत सहसा काय बिघडतं ते ठाऊक आहे. पहिला आठवडा जोश असतो. मग थंडी पडते, एकाला खोकला होतो, दुसऱ्याच्या घरून पत्र येतं. सरकार एक दार किलकिलं करतं आणि निम्मे त्यातून बाहेर पडतात. इथेही दार किलकिलं झालं. शिखांना पगडी बांधायची मुभा मिळाली. गांधी टोपीला नाही.

खडकसिंगांनी पगडी बांधली नाही. टोपी त्यांची नव्हती. त्यांच्या धर्मात टोपीला काही स्थान तर नाहीच, उलट शिखानं टोपी घालू नये असाच दंडक. पण मागणी दोन्हींची होती. दीनानाथांच्या वेळी जे केलं तेच इथे. पुढे नियम मोडले म्हणून शिक्षा एकदा वाढली, मग पुन्हा वाढली. सुटेपर्यंत वर्षानुवर्षं हा माणूस उघड्या अंगानं राहिला, डेरा गाझी खानच्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. गांधी टोपी ही महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात इतकी रुजली की ती आपलीच वाटते. तिच्यासाठी सिंधूपलीकडच्या तुरुंगात एक शीख हिवाळ्यामागून हिवाळे कुडकुडला, हे आपल्याकडे कुणी सांगितलेलं ऐकलं नाही.

ते आत असताना बाहेर खूप काही होऊन गेलं. लंगरच्या सरपणासाठी बाभळीचं वाळकं झाड तोडलं म्हणून ऑगस्ट १९२२ मध्ये गुरु का बाग इथे पाच जणांना पकडलं. त्यातून जथ्यामागून जथा हात न उचलता लाठ्या खात राहिला आणि साडेपाच हजारांवर माणसं तुरुंगात गेली. १९२३ मध्ये कमिटीच बेकायदा ठरवली गेली. १९२४ च्या फेब्रुवारीत जैतोला गोळीबार झाला. शेवटी जुलै १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा मंजूर झाला आणि महंतांकडचे गुरुद्वारे निवडून आलेल्या मंडळाकडे आले.

तोवर पंजाबचे गव्हर्नर झालेले माल्कम हेली हे आधीच्यांपेक्षा हुशार. त्यांनी लाठी टाकून दिली आणि कागद पुढे केला: नव्या कायद्यानुसार काम करीन असं लिहून देईल तो कैदी सुटेल. वरकरणी किती निरुपद्रवी! कायदा शिखांनीच लढून मिळवलेला, मग तो मान्य आहे असं लिहायला काय हरकत? जानेवारी १९२६ मध्ये काही बडे नेते लिहून देऊन बाहेर आले. ज्यांनी नकार दिला ते आत राहिले. बाहेर आलेल्यांकडे लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले, एका चळवळीचे दोन गट पडले आणि पुढची कित्येक वर्षं ते सांधले नाहीत. चार वर्षांपूर्वी किल्ल्यांसाठी जी अट नाकारली होती तीच अट या वेळी निम्म्यांनी गिळली आणि सरकारला जे लाठीनं जमलं नव्हतं ते एका सहीनं जमलं. खडकसिंग अर्थातच सही न करणाऱ्यांत. नव्या मंडळानं त्यांना तुरुंगात असतानाच अध्यक्ष निवडलं. उपाध्यक्ष मास्टर तारासिंग प्रत्यक्ष काम बघू लागले. ४ जून १९२७ ला शिक्षा पुरी भोगून बाबा बाहेर आले.

इथून पुढची कहाणी तितकी उजळ नाही, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तुरुंगात जो ताठा उपयोगी पडतो तो बैठकीच्या टेबलावर अडचणीचा होतो. १९२८ च्या नेहरू अहवालाला त्यांनी कडाडून विरोध केला: एक तर संपूर्ण स्वातंत्र्याऐवजी वसाहतीच्या स्वराज्यावर समाधान, आणि वर शिखांना पंजाबात न्याय नाही. पहिल्या मुद्द्यावर काळानं त्यांना बरोबर ठरवलं. पुढच्याच वर्षी लाहोरला काँग्रेसनं संपूर्ण स्वराज्याचा ठराव केला. पण देवाणघेवाण हा त्यांचा प्रांत नव्हता. तारासिंगांशी फाटलं, वेगळं सेंट्रल अकाली दल काढलं, आणि १९३० च्या दशकात शिखांचं राजकारण तारासिंगांकडे गेलं ते गेलंच. त्यांना माणसं धरून ठेवता आली नाहीत, असं म्हणणारे चुकीचं म्हणत नाहीत. अटकांचं सत्र मात्र चालू राहिलं.

फाळणीला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. रेषा ओढली गेली तेव्हा जन्माचं सियालकोट पलीकडे गेलं, नानकाना साहिब पलीकडे गेलं आणि तो डेरा गाझी खानचा तुरुंगही. ते दिल्लीत राहायला आले. सत्तेचं पद घेतलं नाही. ६ ऑक्टोबर १९६३ ला, नव्वदी कधीच ओलांडलेली असताना वारले.

दिल्लीतल्या त्या एम्पोरियमच्या रस्त्याचं जुनं नाव आयर्विन रोड. लॉर्ड आयर्विन एप्रिल १९२६ मध्ये व्हाइसरॉय झाले. त्यांच्या कारकिर्दीचं पहिलं वर्ष म्हणजे खडकसिंगांचं तुरुंगातलं शेवटचं वर्ष, उघड्या अंगाचं, उघड्या डोक्याचं. आज त्याच रस्त्यावर देशातल्या बहुतेक राज्यांचं कापड विकायला मांडलेलं असतं.